अल्पाकाचा कोट आणि अंगणातील शेळी

जुन्या पिढीतील वकिलांच्या व कारकुनांच्या अंगावर अल्पाकाचा काळा कोट असे. ते कापड पुष्कळांनी पाहिले; परंतु ज्या प्राण्यावरून त्याला हे नाव मिळाले, तो आपल्याकडे क्वचितच कोणी पाहिला असेल. अल्पाका हा उंटाच्या कुळातील, मेंढीहून थोडा उंच व दाट लोकरीचा प्राणी. दक्षिण अमेरिकेतील पेरू व बोलिव्हिया या देशांच्या उंच, थंड पठारांवर लोक तो हजारो वर्षे पाळीत आले आहेत. मादी सुमारे साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते.

हा प्राणी 1984 च्या सुमारास व्यापारासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेण्यात आला. पुढे एकेका चांगल्या मादीला दहा-वीस हजार डॉलर मोजणारे हौशी लोक निघाले. लोकर विकून ही रक्कम फिटण्याजोगी नव्हती. पिल्ले झाली की ती पुढच्या नवख्याला चढ्या दराने विकावयाची, हाच खरा धंदा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या फुग्याविषयी इशारा दिला. आणि थोड्याच वर्षांत भाव कोसळले. कळप राहिले, गिऱ्हाईक राहिले नाही.

वाचकहो, ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देऊ नका. आपल्या धार-झाबुआ भागातील काळी कोंबडी, कडकनाथ, हिची कीर्ती सर्वत्र आहे. झाबुआच्या कडकनाथाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच सुमारास महाराष्ट्रात सांगलीच्या बाजूस, ‘पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच मोठ्या दराने विकत घेऊ’ अशा वचनावर शेकडो शेतकऱ्यांनी पैसे गुंतविले. 2019 मध्ये ती योजना बुडाली आणि ऋण मात्र घरी राहिले. दोष बिचाऱ्या कोंबडीचा नव्हता. जनावराचे मोल त्याच्या दूध-मांस-खतावरून न ठरविता पुढच्या खरेदीदाराच्या आशेवर ठरविले, हा दोष होता.

म्हणून अमझेऱ्याच्या आसपास जो कोणी नव्याने लहान कळप बाळगू इच्छितो, त्याला माझे सांगणे एवढेच : आपल्या हाटात जिचा भाव लहान मुलालाही ठाऊक आहे, त्या शेळीपासून आरंभ करावा. ती सुमारे पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी करडे देते, आणि नीट जोपासना झाल्यास दोन वर्षांत तीन वेते होऊ शकतात. दूध घरच्या मुलांना, लेंडीखत शेताला आणि अडचणीच्या वेळी एखादा बोकड हाटाला, असा तिचा उघड हिशेब आहे.

परंतु सोपे जनावर म्हणजे निष्काळजीपणाला मोकळीक नव्हे. आधी निवारा, मग शेळी. दर प्रौढ शेळीमागे सुमारे दहा चौरस फूट जागा असावी, वारा खेळता असावा व जमीन कोरडी राहावी. पावसाळ्यात ओल हीच मोठी वैरीण. एकटी शेळी ठेवू नये, कारण तो कळपाचा प्राणी आहे. पण एकदम वीसही आणू नयेत. तीन-चार तरुण माद्या पुरेत. बोकड प्रथम शेजाऱ्याचा चालेल. बोकड दर दोन वर्षांनी बदलावा, म्हणजे बापाचा लेकींशी संकर होणार नाही.

विकत घेताना दात, कास, खूर पाहावेत. खालची पापणी उलटून पाहावी. ती फिकट पांढरी दिसली तर अंगात रक्त कमी आहे, पोटात जंत असण्याचा संभव आहे. हाटातून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे. बाहेरून आलेल्या एका आजारी शेळीपायी वाड्यातल्या साऱ्या दगावू शकतात.

असा मोठा रोग म्हणजे पीपीआर. बुळकांडीच्याच जातीचा हा रोग भारतात प्रथम 1987 मध्ये तामिळनाडूत आढळला. ताप चढतो, नाका-डोळ्यांतून स्राव वाहतो, तोंडात व्रण पडतात, हगवण लागते आणि जनावर थोड्याच दिवसांत जाते. एकदा लागण झाल्यावर त्यावर नेमके औषध नाही. परंतु आधी टोचलेली लस सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन्हींची चौकशी करावी. लसीचा दिवस चुकविणे म्हणजे पुढच्या वर्षाची करडे आजच विकून टाकणे होय.

चाऱ्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : शेळी गवतापेक्षा पाला आवडीने खाते. बाभूळ, बोर, सुबाभूळ यांचा पाला मिळेल तेथे द्यावा. धान्य मात्र एकाएकी पुष्कळ घालू नये, त्याने पोट फुगून प्राणही जातो. करडू जन्मताच पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजावा. ‘चीक बाधतो’ ही समजूत सोडून द्यावी. करडाची रोगाशी झुंजण्याची पहिली शक्ती त्याच चिकात असते.

शेवटी, एक लहान वही ठेवा. शेळी केव्हा फळली, केव्हा व्याली, लस केव्हा टोचली, काय विकले व काय खर्चले, हे घरातील शाळकरी मुलगी लिहू शकेल. दोन वर्षे त्या वहीत शिल्लक दिसेपर्यंत कळपासाठी कर्ज काढू नका. आणि रोज तिन्हीसांजेला दारात उभे राहून आपली जनावरे मोजा. एक हरवल्याचे किंवा एक मलूल झाल्याचे कळते, ते मोजणाऱ्यालाच.