तंबाखू-बिडी सोडायचीय? मेडिकलमधलं चिंगम चघळायची रीत आधी समजून घ्या

"चार दिवस सोडली होती, पाचव्या दिवशी परत मळली." तंबाखू सोडू पाहणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. मग लोक म्हणतात, याच्यात जिद्दच नाही. पण प्रश्न फक्त जिद्दीचा नाही.

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात. बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर तंबाखू, गुटखा खाणारे किंवा मिश्री लावणारे तब्बल २४.४ टक्के.

सोडल्यावर जीव का कासावीस होतो?

तंबाखूत निकोटिन असतं. मेंदूला त्याची सवय लागते. ते अचानक बंद झालं की चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड असतात. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बराच कमी होतो. एवढा काळ निभावून न्यायला औषध मदत करतं.

चिंगम म्हणजे काय?

निकोटिनच्या चिंगममधून शरीराला मोजकंच निकोटिन मिळतं. कॅन्सर करणारी तंबाखूतली आणि धुरातली घातक रसायनं त्यात नसतात. २ मिलिग्रॅमचं चिंगम मेडिकलमध्ये मिळतं, ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्यांना तंबाखू किंवा बिडी लागतेच, त्यांना सहसा ४ मिलिग्रॅम देतात.

इथेच बहुतेकांची चूक होते

हे चिंगम मुलांच्या चिंगमसारखं भराभर चावायचं नाही. तसं केलं तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं. मग उचकी लागते, मळमळतं, पोटात जळजळतं आणि तलफ तशीच राहते. माणूस म्हणतो, "काही उपयोग नाही," आणि पुन्हा पुडी काढतो.

खरी रीत अशी:

- हळूहळू चावा. जिभेला तिखट किंवा झिणझिण्या आल्यासारखं लागलं की थांबा.
- मग तंबाखूचा बार धरता तसं गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवा.
- झिणझिणी गेली की पुन्हा थोडं चावा, पुन्हा दुसऱ्या बाजूला धरा. असं साधारण अर्धा तास करा.
- चिंगम खाण्याआधी १५ मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक घेऊ नका.

चहा का नको? तंबाखूला चुना का लावतात, ते आठवा. चुन्यामुळे तोंडातलं निकोटिन लवकर रक्तात उतरतं. आंबट किंवा आम्लधर्मी पेयांनी नेमकं उलटं होतं, निकोटिन नीट शोषलंच जात नाही.

सोडण्याचा दिवस ठरवा. त्या दिवसापासून पुडी बंद, चिंगम सुरू. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक लागतं. नंतर हळूहळू कमी करत आठ ते बारा आठवड्यांत बंद करायचं. बरं वाटलं म्हणून पंधरा दिवसांत सोडून देऊ नका.

पट्टी आणि गोळ्या

निकोटिनची पट्टी कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावतात. रोज नवी पट्टी, रोज नवी जागा. याशिवाय व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या आहेत. त्यांत निकोटिन नसतं आणि त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या. व्हॅरेनिक्लिन सोडण्याच्या दिवसाच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करतात आणि बारा आठवडे देतात. त्याने मळमळ होऊ शकते, म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. फिट येणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन देत नाहीत. रोज दारू पिणाऱ्यांनीही ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

गरोदर महिला, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि किडनीचा आजार असलेले, यांनी यातलं कुठलंही औषध स्वतःहून घेऊ नये. चिंगम-पट्टी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

औषध घेतलं म्हणजे सुटलीच का?

नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांवरच्या अभ्यासांत निकोटिनच्या चिंगम-पट्टीमुळे सोडण्याची शक्यता साधारण दीडपट झाल्याचं दिसलं. सोबत समुपदेशन असेल तर आणखी फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू खाणाऱ्यांसाठीही निकोटिनची औषधं किंवा व्हॅरेनिक्लिन सुचवलं आहे.

सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रातही चौकशी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारलं तरी पुढची वाट कळेल.

पाचव्या दिवशी परत मळली म्हणून माणूस हरला असं नाही. अनेकांची दोन-चार वेळा प्रयत्न केल्यावर सुटते. पुढच्या वेळी औषध सोबत घ्या आणि ते चघळायची रीत नीट पाळा.