वीरगळाची राखण

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड. कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड; 'वीरकल्लु'वरून हा शब्द मराठीत आल्याचे मानले जाते. आजचा धाराशिव जिल्हा ज्या मुलखात आहे, तिथे कल्याणीच्या चालुक्यांची आणि त्यांच्यामागून देवगिरीच्या यादवांची सत्ता होती. महाराष्ट्रातले पुष्कळसे वीरगळ त्या शतकांमधले आहेत. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या वाशी, भूमपासून खाली तुळजापूरपर्यंतच्या पट्ट्यात असे दगड मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या देवळापाशी, वेशीजवळ, पाराला टेकून उभे असलेले दिसतात.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते: ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, कधी पायाशी आडवा पडलेला देह. शेजारी गाई कोरलेल्या असतील, तर तो गावची गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन जातात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. शेजारच्या दगडावर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल, तर ती सतीशिळा.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नाही. कोण होता, कोणत्या वर्षी पडला, काही कळत नाही. तरी सणावाराला त्याला तेल वाहिले जाते, शेंदूर लागतो, नारळ फुटतो. कित्येक घरांच्या देव्हाऱ्यातही 'वीर' नावाचा टाक असतो आणि कुलदैवतांबरोबर त्याची पूजा होते. नाव विसरले गेल्यावरही मान चालू राहावा, ही फार मोठी गोष्ट आहे. ती ज्यांनी सांभाळली त्या गुरव-पुजाऱ्यांची आणि साध्या शेतकरी घरांची नोंद मात्र कुठे सापडत नाही.

स्मारकाच्या राखणदाराची नोंद सापडते ती पुणे जिल्ह्यातल्या कोरेगाव भीमा इथे. 1 जानेवारी 1818 रोजी ईस्ट इंडिया कंपनीची फौज आणि पेशव्यांचे सैन्य यांच्यात तिथे लढाई झाली. कंपनीने 1821 मध्ये स्तंभाची पायाभरणी केली. त्यावर मरण पावलेल्या 49 जणांची नावे आहेत आणि त्यांत 22 महार सैनिक आहेत. याच लढाईत जखमी झालेले खंडोजी जमादार यांना 1824 मध्ये स्तंभाची देखरेख सोपवण्यात आली आणि त्यासाठी जमीन देण्यात आली. आपल्यासोबत लढून पडलेल्यांच्या नावांची राखण करणे हेच त्यांचे काम झाले. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे येऊन मानवंदना दिली. त्या स्तंभाला आज जो अर्थ आहे, त्यात या भेटीचा वाटा मोठा आहे.

शिपायाचे नाव दगडावर येणे ही सहज घडणारी गोष्ट नव्हती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात हजारो हिंदी सैनिक मेले, त्यांत मराठा पलटणींचे जवानही होते. इराकमधल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे आली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या. याउलट फ्रान्समधल्या नव्ह शापेल इथल्या 1927 च्या स्मारकावर 4,700 हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. बसऱ्यातला अन्याय मानायलाच हवा. घरी बसलेल्या आईला आकडा पुरत नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या मातीत पडलेला एक सैनिक तर थेट पंजाबातून आलेला होता. 13 सप्टेंबर 1948 रोजी पहाटे भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरले आणि त्याच दिवशी नळदुर्ग घेतले. आघाडीच्या प्लाटूनचे नेतृत्व दुसऱ्या शीख बटालियनचे हवालदार बचित्तर सिंग यांच्याकडे होते. समोरून मशीनगन सुरू झाली तेव्हा ते तिच्यावर चालून गेले. मांडीत गोळी लागली, तरी सरपटत पुढे जाऊन त्यांनी हातबॉम्ब टाकले आणि ती मशीनगन बंद पाडली. मागे नेऊ पाहणाऱ्यांना त्यांनी नकार दिला आणि अखेरपर्यंत ते आपल्या जवानांना धीर देत राहिले. 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तोच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात. 1952 मध्ये अशोकचक्र हा सन्मान सुरू झाला आणि तो 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरण्यात आला. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत मरणोत्तर बचित्तर सिंग यांचे नाव आहे. मराठवाड्याच्या मुक्तीची गोष्ट सांगताना हे नाव मुलांना सांगितले गेले पाहिजे.

आज सैनिकाला वीरमरण आले की पार्थिव तिरंग्यात गुंडाळून गावी आणले जाते. सलामी पथकाला 'शोक शस्त्र' असा हुकूम मिळतो. रायफल उलटी होते, नळी जमिनीकडे, दोन्ही हात दस्त्यावर, मान खाली. हवेत फैरी झडतात, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते. नंतर ध्वजाची घडी घालून तो वीरपत्नीच्या किंवा आईवडिलांच्या हाती दिला जातो. पुढे निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. 7 डिसेंबरचा ध्वजदिन निधी 1949 पासून याच कामासाठी गोळा होतो.

दिल्लीत 26 जानेवारी 1972 रोजी इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत पेटली. उलटी रायफल, तिच्यावर शिरस्त्राण, आणि भोवती पहाऱ्याला तिन्ही दलांचे जवान असत. 21 जानेवारी 2022 रोजी ती ज्योत शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन करण्यात आली. 25 फेब्रुवारी 2019 रोजी खुल्या झालेल्या या स्मारकात चार चक्रे आहेत. त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या पट्ट्यांत 25,000 हून अधिक नावे कोरलेली आहेत. सर्वांत बाहेरच्या रक्षकचक्रात झाडांच्या रांगा आहेत. त्या पहाऱ्यावरच्या सैनिकांच्या जागी धरल्या आहेत. रोज संध्याकाळी एखाद्या हुतात्म्याच्या घरचे माणूस तिथे पुष्पचक्र वाहते. पुण्यातले राष्ट्रीय युद्ध स्मारक लोकवर्गणीतून उभे राहिले आणि खडकीच्या युद्ध दफनभूमीत राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाचे माळी हिरवळ कापतात, कबरींची निगा राखतात.

गावातल्या वीरगळाला ना पहारा असतो, ना माळी. कित्येक दगड धुण्याचे नाहीतर पायरीचे झाले आहेत. देवळाच्या जीर्णोद्धारात काही सिमेंटमध्ये गाडले गेले, काहींवर ऑइल पेंट चढला. तेल-शेंदराचे थर साचले की त्यांवर धूळ बसते आणि कोरीव काम पुसट होत जाते. निगा राखायची तर दगड पाण्याबाहेर, जोत्यावर, जमल्यास मूळ जागीच उभा करावा. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने तो स्वच्छ होतो; तारेचा ब्रश, आम्ल किंवा यंत्राने घासणे यांनी कोरीव काम जाते. शेंदूर वाहायचाच असेल तर तो पायथ्याशी वाहावा. प्रत्येक दगडाचे छायाचित्र, मापे आणि तो सध्या कुठे आहे याची नोंद शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या वहीत ठेवली, तर उद्या रस्ता रुंद करताना तो कुठल्या ढिगाऱ्यात गेला हे शोधता येते.