ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर निवडताना

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, त्यांत ज्वारीची पोती, कोपीचे बांबू, भांडीकुंडी, एखादी शेळी, आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली बायकामुले, अशी वरात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातील बेळगावच्या दिशेने निघते. हाच ट्रॅक्टर पुढे चार-पाच महिने फडापासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत ऊस वाहतो. ज्या कुटुंबाने कालपर्यंत हातात कोयता धरला, त्याच कुटुंबातील एखादा मुलगा कारखान्याशी करार करून वाहनमालक होतो, तेव्हा ट्रॅक्टरची खरेदी हा त्या घरातील सर्वांत मोठा निर्णय ठरतो. दुर्दैवाने हा निर्णय बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर घेतला जातो: अश्वशक्ती किती?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. थोडे गणित मांडून पाहू. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून एकूण वजन २० टन आहे असे धरू. प्रत्यक्षात ते याहूनही अधिक असते, हे कारखान्याच्या काट्यावर उभा राहणारा कोणीही सांगेल. डांबरी रस्त्यावर चाके नुसती फिरत ठेवण्यासाठी वजनाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे ४०० किलो जोर लागतो. रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढत असेल, तर वजनाचा विसावा भाग, म्हणजे आणखी एक टन जोर हवा. एकूण झाला १.४ टन. हा जोर लावत ताशी १० किलोमीटर वेगाने चढायचे, तर चाकांवर सुमारे ५२ अश्वशक्ती पोहोचली पाहिजे. इंजिनाची सगळी ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही. गिअर, अ‍ॅक्सल आणि टायर यांत साधारण पाचवा हिस्सा खर्ची पडतो. म्हणजे ५५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हा चढ ताशी साडेआठ किलोमीटरने चढेल आणि ४५ अश्वशक्तीचा ताशी सात किलोमीटरने.

फरक एवढाच! दहा अश्वशक्तीसाठी जे जादा पैसे मोजले, त्यांतून चढावर ताशी दीड किलोमीटर मिळाले. सपाट रस्त्यावर दिवसाच्या खेपा वाढवायला ही ताकद निश्चित उपयोगी पडते आणि इंजिनही सतत तोंडाला फेस येईपर्यंत राबत नाही, म्हणून दोन ट्रॉल्यांसाठी ५० ते ६० अश्वशक्तीचा वर्ग निवडला जातो, ते योग्यच आहे. आपल्याकडे जॉन डीअर ५३१०, न्यू हॉलंड ३६३० किंवा महिंद्राचा अर्जुन ६०५ ही नावे याच कारणाने वाहनमालकांच्या तोंडी असतात. मात्र ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आहेत. त्यामुळे या वर्गातील नव्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंधनप्रणाली आली आणि किंमतही वाढली. अनेक मॉडेल नेमकी ४९ किंवा ५० अश्वशक्तीवर येऊन थांबतात, त्यामागे हेच गुपित आहे. अशा प्रणालीला स्वच्छ डिझेल लागते आणि बिघाड झाल्यास गावातील मिस्त्रीच्या पान्याने तो निघत नाही. म्हणून कारखाना परिसरात त्या कंपनीचे सेवा केंद्र आहे किंवा नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे. बीडला घेतलेला ट्रॅक्टर हंगामभर शिरोळ किंवा वाळव्यात राबणार असतो, हे विक्रेत्याला माहीत नसते. घेणाऱ्याने विसरू नये.

आता खरा मुद्दा. वर सांगितलेला १.४ टन जोर इंजिनात असून भागत नाही, तो मागच्या दोन चाकांनी रस्त्याला धरून लावावा लागतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण सव्वादोन टन. त्यातले चौदाशे किलोच्या आसपास मागच्या चाकांवर असते. कोरड्या डांबरावर टायरची पकड त्या वजनाच्या सुमारे सत्तर टक्के धरली, तर हाती येतो एक टन. ओढताना पुढचे वजन काही प्रमाणात मागे सरकते, ट्रॉली दोनचाकी असेल तर तिचाही थोडा भार हुकावर पडतो, म्हणून गाडी कशीबशी निघते. पण रस्त्यावर चिखल असला, किंवा फडातून ओल्या वाटेने बाहेर पडायचे असले, की चाके जागीच फिरतात. ‘इंजिन कमी पडले’ असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात कमी पडलेले असते वजन.

म्हणून ट्रॅक्टर पाहताना त्याचे वजन, मागच्या टायरचा आकार आणि जादा वजने लावण्याची सोय यांची चौकशी अश्वशक्तीइतकीच बारकाईने करावी. १४.९-२८ ऐवजी १६.९-२८ आकाराचा टायर रुंद असतो आणि भारही अधिक पेलतो. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरणे हा जुना आणि जवळजवळ फुकटचा उपाय आहे. चाकांवर ओतीव लोखंडाची वजने बसवता येतात. पुढच्या बंपरवरील वजने काढून टाकण्याची खोड मात्र सोडावी. चढावर नांगे उचलल्यासारखी पुढची चाके उचलली जातात, आणि त्याच क्षणी स्टिअरिंग निकामी होते. हुक जितका उंच, तितका हा धोका मोठा. ट्रॉलीची दांडी सोयीची पडते म्हणून हुक वर चढवून घेणारे चालक गावोगाव भेटतात. त्यांना ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

चढ हा गाडी अडवतो, उतार मात्र माणूस मारतो. बालाघाटच्या पठारावरून खाली उतरणारा धारूरचा घाट पाहा. वर धारूर, पायथ्याच्या बाजूला तेलगाव आणि तेथला साखर कारखाना. भरलेली वाहने याच अरुंद वळणांवरून उतरतात. शंभर मीटरला दहा मीटर उतार असलेल्या एखाद्या टप्प्यावर २० टनांची ही गाडी सुमारे दीड टनाने ट्रॅक्टरला मागून ढकलत असते. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि त्या चाकांची पकड फार तर एक टन. ब्रेक कितीही उत्तम असोत, पायात कितीही जोर असो, हा हिशेब जुळत नाही. चाके घट्ट बसतात, पण ट्रॉली थांबत नाही. ती ट्रॅक्टरचा पार्श्वभाग एका बाजूला लोटते आणि सारी गाडी अर्ध्यात दुमडते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारा चालक तर इंजिनाचा उरलासुरला आधारही स्वतःच्या हाताने सोडून देतो.

याला उपाय एकच, ट्रॉलीच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असणे. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसवून ट्रॉलीला हवेचे ब्रेक देण्याची सोय आज उपलब्ध आहे आणि काही कंपन्या ती मूळ ट्रॅक्टरसोबत पर्याय म्हणून देतात. खर्च होतो, हे खरे. पण ध्वनिक्षेपक, रंगीत दिवे आणि झालरी यांवर खर्च करणाऱ्या मालकाला तो अजिबात परवडत नाही, असे म्हणवत नाही. (त्या ध्वनिक्षेपकामुळे मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही, हा वेगळाच विषय.) ट्रॅक्टरला तेलात बुडालेले ब्रेक असावेत, ते धूळ-चिखलाने निकामी होत नाहीत आणि टिकतातही अधिक. शेतात वळण घेण्यासाठी डाव्या-उजव्या ब्रेकची पेडल सुटी ठेवलेली असतात, ती रस्त्यावर येताना खटक्याने जोडलीच पाहिजेत. एकाच चाकाला ब्रेक लागून उलटलेला ट्रॅक्टर पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

सपाट रस्त्यावरचे गणितही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ट्रॉलीला ब्रेक नसताना भरलेली गाडी ताशी २० किलोमीटर वेगात असेल, तर चालकाला धोका दिसल्यापासून ती थांबेपर्यंत सुमारे ३० मीटर अंतर जाते. वेग ३० केला की हेच अंतर ६० मीटरच्या पुढे जाते. दीडपट वेग, दुप्पट अंतर. रात्री, मागे परावर्तक पट्ट्या नसलेल्या ट्रॉलीवर येऊन आदळणाऱ्या मोटारसायकलस्वाराची गोष्ट तर दर हंगामात वाचायला मिळते.

गावाकडून निघतानाचा प्रवास हलका असतो, म्हणून तो सुरक्षित वाटतो. तो तसा नाही. बिऱ्हाडाचे वजन दोन-तीन टनांचे, इंजिनाला त्याची जाणीवही होत नाही, साडेतीनशे किलोमीटर अंतर आणि दुसऱ्या दिवशी फडावर हजर होण्याची घाई. वेग आपोआप वाढतो. हलकी ट्रॉली वेगात सापासारखी वळवळू लागते आणि दुसऱ्या ट्रॉलीत हा हेलकावा सर्वांत जास्त असतो. नेमकी तिच्यातच उंचावर मुले बसवलेली असतात. ट्रॉली ही माल वाहण्यासाठी आहे, तीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाल्यास अशा प्रवाशांना विम्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. शेतीकामासाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याच्या वाहतुकीला लावलेला असेल, तर विमा कंपनीला हात झटकायला आणखी एक कारण मिळते. म्हणून नोंदणी पुस्तिकेतील वापराचा प्रकार आणि ट्रॉलीचे मान्य वजन या दोन नोंदी खरेदीच्या वेळीच तपासाव्यात. कुटुंबांना एस.टी.ने किंवा जीपने पाठवण्याचा खर्च मुकादम आणि वाहनमालक यांनी उचलीचा हिशेब करतानाच वेगळा धरला, तर हा प्रश्न बराच सुटेल. टोळीने तशी मागणी करणे मुळीच वावगे नाही.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबण्याची गरज नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओवर प्रत्यक्ष मिळालेली शक्ती, ओढण्याचा जोर, ब्रेकची कामगिरी आणि ट्रॉली ओढताना लागलेले डिझेल यांच्या नोंदी असतात. विक्रेत्याकडे आपल्या मॉडेलचा अहवाल मागावा. पाटीवरची शक्ती आणि पीटीओवरची शक्ती यांतील फरक पाहून अनेकांचे डोळे उघडतील.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने रंगाकडे पाहू नये, हुकाच्या भोकाकडे पाहावे. ते लंबगोल झाले असेल, तर यंत्राने मर्यादेबाहेर ओझे ओढले आहे. पुस्तिकेवर बँकेचा बोजा शिल्लक नाही ना, हेही पाहावे. आणि नवा असो वा जुना, व्यवहारापूर्वी भरलेली ट्रॉली जोडून एखाद्या चढावर न्यावा. मध्यावर थांबवून पुन्हा उचलून पाहावा, क्लच कसा धरतो ते कळेल. मग त्याच उतारावर, त्याच गिअरमध्ये, पाय ब्रेकवर न ठेवता खाली आणावा. वेग वाढत गेला, तर ओझे कमी करायचे की ट्रॉलीला ब्रेक बसवायचे, हे पैसे देण्याआधी तेथेच ठरवावे.