खाल्लेले अंगी का लागत नाही?

वाशीच्या दाणाबाजारात साऱ्या मुंबईची डाळ उतरते. ती पाठीवर वाहणारा माथाडी, तुर्भ्याच्या वस्तीतली कचरा वेचणारी बाई, दिघ्याचा नाका कामगार यांच्या ताटात त्यातले किती येते, हा प्रश्न आपली चळवळ नेहमीच विचारत आली. मला त्यापुढचा प्रश्न मांडायचा आहे. ताटात आलेल्यातले अंगी किती लागते? वस्तीतल्या मुलांना शिकवताना त्यांच्या आयांकडून एक वाक्य मी वारंवार ऐकतो : "सर, खातो बक्कळ, पण अंगी लागत नाही." या वाक्याला हसण्याचे कारण नाही. त्यात शरीरशास्त्र आहे, आणि समाजशास्त्रही आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. जठरातले आम्ल आणि पेप्सिन ती तोडू लागतात. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेले ट्रिप्सिन तिचे बारीक तुकडे करते आणि आतड्याची भिंत ते शोषून घेते. अंडी, दूध, मासे, मांस यांतले प्रथिन शंभरात सुमारे ९५ भाग पचते. कडधान्ये व भरड धान्ये यांतले ८० च्या आसपास. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये असतात. भिजवून, मोड आणून, नीट शिजवून ती बरीचशी निकामी होतात. ज्वारीची गोष्ट उलटी आहे. पाण्यात शिजवली की तिचे प्रथिन आवळून बसते आणि पचायला अवघड होते. आंबवल्याने ते काहीसे सुटते. आपल्या आज्या आंबील करीत होत्या, ती निव्वळ नाइलाजाची गोष्ट नव्हती.

पचले म्हणजे झाले असेही नाही. नऊ अमिनो आम्ले शरीर स्वतः पुरेशी बनवू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. धान्यात लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ती उणीव धान्य भरून काढते. म्हणून भाकरी आणि वरण ही जोडी शहाणपणाची आहे. परंतु जोडी जमण्यासाठी वरणात डाळ असावी लागते, नुसते पिवळे पाणी नव्हे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये प्रथिनाचा दर्जा मोजण्याची नवी रीत सुचवली. तीत प्रत्येक आवश्यक अमिनो आम्ल लहान आतड्यात किती शोषले गेले हे पाहिले जाते. म्हणजे पुडक्यावर छापलेल्या ग्रॅमवर विज्ञानही विसंबत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याच मातीतल्या माणसाने ठासून सांगितली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले की भारतातला प्रथिनांचा तुटवडा हा बहुतांशी पोटभर अन्नाचाच तुटवडा आहे. पोट अर्धे असले की शरीर प्रथिन सरपणासारखे जाळते. त्यातून स्नायू घडत नाहीत. कमी खाण्याशी शरीर जुळवून घेते हे त्यांचे नंतरचे म्हणणे वादग्रस्त ठरले, आणि ते ठरायलाच हवे होते. पण पहिले म्हणणे आजही उपयोगाचे आहे. उपाशी माणसाला प्रथिनांची भुकटी विकणाऱ्यांना ते ऐकवले पाहिजे.

चौथी गोष्ट पाण्याची. घाण पाण्यामुळे मुलाला वरचेवर हगवण लागली की आतड्यातले शोषणारे सूक्ष्म अंकुर खुरटतात. मग चांगले अन्नही पुरते शोषले जात नाही. म्हणजे वस्तीतला नळ आणि संडास हा पोषणाचाच प्रश्न आहे. आईला स्वयंपाकाचे धडे देऊन तो सुटणार नाही.

आता सांगा, सहज पचणारे प्रथिन गरिबाच्या ताटातून कोण काढून घेते? १९७६ च्या कायद्याने राज्यात गोहत्येला बंदी होती. २०१५ मध्ये ती बैल व वळू यांनाही लागू झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे शासनाने ठरवले; जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि हवे तर लोकसहभागातून पैसे उभारा असे शाळांना सांगितले. कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही १९२७ साली महाडला मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले होते. होय, पण तो स्वाभिमानाने स्वतः घेतलेला निर्णय होता. वरून लादलेली बंदी आणि आतून आलेला नकार यांत गुलामी आणि मुक्ती यांच्याइतके अंतर आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपल्या ताटाची नोंद केली, ती म्हणूनच मोलाची.

कार्यकर्त्यांनी आहाराची पाहणी करताना पदार्थांची यादी करून थांबू नये. डाळ किती शिजली, पोट किती भरले, पाणी कुठले, मुलाला हगवण कितीदा लागली, शाळेत अंडे मिळते की नाही, हेही विचारावे. सुके बोंबील, जवळा, अंडी खाणाऱ्या मुलाला वर्गात खाली मान घालावी लागू नये, हे शिक्षकांनी पाहावे. आणि शाळेतल्या अंड्याचा खर्च देणगीतून नव्हे, शासनाच्या अर्थसंकल्पातून मागावा.