यंदाच्या खरेदीतील तीन आवडीच्या गोष्टी

पोंभुर्ण्यातील आमच्या घरी यंदा बरेच काही आले. त्यातील तीन गोष्टी मनापासून आवडल्या.

पहिली, चार्जिंगची बॅटरी. धानाच्या बांधावरून अंधारात परतताना पायाजवळचा साप आधी दिसावा, एवढ्याचसाठी ती घेतली. मोबाइलच्या उजेडापेक्षा तिचा झोत दूरवर पोहोचतो.

दुसरी, रक्तदाब मोजण्याचे डिजिटल यंत्र. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकवावी, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मगच मोजावे. वडिलांचा वाढता रक्तदाब त्यामुळे वेळीच ध्यानात आला. आता डॉक्टरांकडे जाताना नोंदवही सोबत असते.

तिसरी, झाडीपट्टी नाटकाची तिकिटे. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. एरवी आम्ही सारे आपापल्या मोबाइलमध्ये गढलेले. त्या रात्री मात्र तीन पिढ्या एका सतरंजीवर बसल्या. शाल, वडिलांच्या गोळ्या आणि भोंग्यापासून दूरची जागा, एवढे पथ्य पाळले. दुसऱ्या दिवशी सर्वांनी झोप भरून काढली.

उठल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न विचारला, “पुढचे नाटक कधी?” पुढील वर्षाच्या यादीत तिकिटेच पहिली लिहिली आहेत.