टाटा सामाजिक विज्ञान संस्था

टाटा सामाजिक विज्ञान संस्था (प्रचलित संक्षिप्त नाव : टिस) ही मुंबईच्या गोवंडी–देवनार परिसरातील एक सार्वजनिक अभिमत विद्यापीठ आहे. तिची स्थापना १९३६ मध्ये झाली. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी ही भारतातील पहिली संस्था होय. संस्थेचे मुख्य संकुल वि. ना. पुरव मार्गावर असून हार्बर मार्गावरील गोवंडी हे त्याच्या जवळचे रेल्वे स्थानक आहे. तुळजापूर (जि. धाराशिव), हैदराबाद व गुवाहाटी येथेही संस्थेची संकुले आहेत. वर्गातील अध्यापनाला वस्ती, रुग्णालय, न्यायालय व तुरुंग यांतील प्रत्यक्ष कामाची जोड देणे, हे या संस्थेच्या शिक्षणपद्धतीचे प्रमुख वैशिष्ट्य मानले जाते.

== इतिहास ==

=== नागपाडा ते देवनार ===

क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत आले. नागपाडा या दाट कामगार वस्तीत त्यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ हे सेवाकेंद्र उभे केले. केवळ सेवाभावावर असे काम टिकत नाही, त्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते लागतात, हे त्यांच्या लक्षात आले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३२ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाने ही कल्पना उचलून धरली आणि १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. मॅन्शार्ट हे पहिले संचालक होते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा व पदविकेचा होता. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते.

मॅन्शार्ट यांच्यानंतर जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्यांचे बंधू होत. त्यांच्या कारकिर्दीत, १९४४ मध्ये, संस्थेला सध्याचे नाव मिळाले. संस्थेचे ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक त्याआधीच, १९४० मध्ये, सुरू झाले होते. फाळणीनंतर संस्थेचे पथक कुरुक्षेत्र येथील निर्वासित छावणीत मदतकार्यासाठी गेले.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांमुळे संस्थेच्या शिक्षणाला नवी मागणी निर्माण झाली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. कामगार कल्याण व कर्मचारी व्यवस्थापन या शाखेला त्यामुळे महत्त्व आले. आजच्या मनुष्यबळ व्यवस्थापन अभ्यासक्रमाचे मूळ याच शाखेत आहे.

देवनार येथील संकुलाचे उद्घाटन १९५४ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

=== अभिमत विद्यापीठ ===

१९६४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या कलम ३ अन्वये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे तिला स्वतःच्या पदव्या देता येऊ लागल्या, तसेच केंद्रीय अनुदानाचा मार्ग खुला झाला. त्या वेळी समाजशास्त्रज्ञ म. स. गोरे संचालक होते (१९६२–८२). ते पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यानंतर संचालक झालेल्या आर्मायटी देसाई यांनी १९९५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषविले.

== क्षेत्रकार्य व कृती प्रकल्प ==

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना अध्ययनकाळात आठवड्यातील ठरावीक दिवस संस्थेबाहेर काम करावे लागते. यास क्षेत्रकार्य म्हणतात. या कामातून लक्षात आलेल्या गरजांवर संस्थेने अनेक कृती प्रकल्प उभारले. त्यांपैकी काहींचे पुढे शासकीय किंवा देशव्यापी सेवांत रूपांतर झाले.

* महिला व बालकांसाठी विशेष कक्ष (१९८४) : कौटुंबिक हिंसाचाराने पीडित स्त्रियांना पोलीस यंत्रणेतच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचे साहाय्य मिळावे, यासाठी मुंबई पोलिसांच्या सहकार्याने सुरू झालेला उपक्रम. तो पुढे महाराष्ट्रात इतरत्र व अन्य राज्यांतही राबविला गेला.
* प्रयास (१९९०) : कैदी व सुटका झालेल्या व्यक्तींचे कायदेशीर साहाय्य आणि पुनर्वसन.
* चाइल्डलाइन (१९९६) : संकटग्रस्त बालकांसाठी १०९८ या क्रमांकावरील दूरध्वनी सेवा. तिची सुरुवात मुंबईतून झाली.
* कोशिश (२००६) : बेघर व भिक्षेकरी व्यक्तींसाठीचा प्रकल्प. याच गटाने केलेल्या बिहारमधील निवासगृहांच्या सामाजिक लेखापरीक्षणातून २०१८ मध्ये मुजफ्फरपूर येथील मुलींवरील अत्याचार उघडकीस आले.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील पुनर्वसनकार्यातही संस्थेचा सहभाग होता.

== परिसर ==

हे संकुल मुंबई महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात येते. १९२७ पासून वापरात असलेली देवनार कचराभूमी, देवनार पशुवधगृह आणि शिवाजीनगर, बैंगणवाडी यांसारख्या दाट वस्त्या याच विभागात आहेत. शहराच्या इतर भागांतून हटविलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसनही येथेच झाले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत खालच्या स्थानी होता. संस्थेने आपल्या अमृतमहोत्सवाच्या सुमारास एम पूर्व विभागासाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घेऊन वस्त्यांचे सर्वेक्षण तसेच आरोग्य, शिक्षण व पाणी या प्रश्नांवर काम केले.

लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण देणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना १९५६) याच परिसरात, गोवंडी स्टेशन रोडवर आहे.

== विद्यार्थिजीवन ==

देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी येत असल्याने वसतिगृह व भोजनगृह यांना संकुलात मध्यवर्ती स्थान आहे. विद्यार्थी संघ निवडणुकीद्वारे स्थापन होतो. सामाजिक व राजकीय प्रश्नांवरील चर्चा, सभा व निदर्शने यांची येथे दीर्घ परंपरा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रशासनाने ‘प्रोग्रेसिव्ह स्टुडंट्स फोरम’ या विद्यार्थी संघटनेवर बंदी घातली. ती नंतर मागे घेण्यात आली.

=== शुल्कमाफीचे आंदोलन ===

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांना पूर्वी शुल्क आगाऊ भरावे लागत नसे. ही सवलत टप्प्याटप्प्याने कमी झाल्यावर वसतिगृह व भोजनाचा खर्च आधी स्वतः भरणे भाग पडू लागले. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा मिळत असल्याने गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांपुढे प्रवेश घ्यावा की नाही, असाच प्रश्न उभा राहिला. २१ फेब्रुवारी २०१८ पासून मुंबईत सुरू झालेला बहिष्कार अन्य तिन्ही संकुलांत पसरला. वंचितांसाठी काम करणाऱ्या संस्थेत वंचितांना शिकता यावे, ही आंदोलनामागील भूमिका होती.

== प्रशासन व निधी ==

२०२३ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनंतर संस्थाप्रमुखाची नेमणूक केंद्र सरकारच्या अखत्यारीत आली. त्याच वर्षापासून बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे प्रवेश संस्थेच्या स्वतंत्र परीक्षेऐवजी राष्ट्रीय सामायिक प्रवेश परीक्षेद्वारे होऊ लागले. टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या निधीवर वेतन अवलंबून असलेल्या सुमारे शंभर कंत्राटी शिक्षक व कर्मचाऱ्यांना जून २०२४ मध्ये सेवासमाप्तीच्या नोटिसा देण्यात आल्या. ट्रस्टने निधी देण्याचे आश्वासन दिल्यानंतर काही दिवसांतच त्या मागे घेण्यात आल्या.