मोटरचे बळ, तांब्याचा ताप

विजेच्या सायकलीच्या मोटरवर 250, 500 किंवा 750 वॉट असा जो आकडा कोरलेला असतो, तो तिच्या बळाचा आकडा आहे असे गृहीत धरून विकणारा किंमत ठरवितो, घेणारा घासाघीस करतो आणि सरकार कायदा करते. परंतु ज्या कोणाला आपल्या मोटरकडून अधिक काम करून घ्यावयाचे असेल त्याने प्रथम हा समज बाजूस ठेवला पाहिजे. इतके काम अखंड करीत राहूनही मोटरच्या अंतर्भागाचे तापमान एका सोसण्याजोग्या पातळीवर येऊन स्थिरावेल, एवढीच हमी तो आकडा देतो. थोड्या वेळापुरते ती त्याच्या दुप्पट, तिप्पट, क्वचित चौपटही काम करू शकते. ड्रोनसाठी प्रसिद्ध असलेल्या डीजेआय या चिनी कंपनीने 2024 मध्ये पुढे आणलेली अविनॉक्स ही सायकलीची मोटर कागदोपत्री 250 वॉटची असून अल्पकाळ 1000 वॉटपर्यंत जाते. यात कोणास लबाडी दिसली तर नवल नाही, पण शास्त्रदृष्ट्या दोन्ही आकडे खरे आहेत. एक घटकेचा आहे, दुसरा प्रहराचा.

पायडलांच्या आसाशी मोटर बसविण्याची कल्पना वाटते तितकी अर्वाचीन नाही. अमेरिकेत 1895 साली ऑग्डेन बोल्टन याने मागील चाकाच्या तुंब्यातच मोटर सामावून घेणाऱ्या सायकलीचे पेटंट मिळविले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी बॉस्टनच्या होसिया लिबी याने पायडलांच्या आसाभोवती जोड-मोटर बसविण्याचे पेटंट घेतले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे या कल्पनेला पेलेल अशी हलकी बॅटरीच नसल्यामुळे ती दप्तरात पडून राहिली, आणि 1993 मध्ये जपानच्या यामाहा कंपनीने पायाच्या जोराला विजेची साथ देणारी सायकल बाजारात आणली तेव्हा कोठे तिचे भाग्य उघडले. आज हौशी लोक घरच्या घरी साध्या सायकलीला जी मिड-ड्राइव्ह, म्हणजे पायडलांच्या आसाशी बसणारी, मोटर बसवितात, ती बहुधा चीनमधील सुझौ येथील बाफांग कंपनीची असते. सायकलीचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलांचा मूळ आस व त्याचे बेअरिंग, काढावयाचा, त्याच्या रिकाम्या नळीतून मोटरचा आस आरपार घालावयाचा आणि उजव्या बाजूस चेनव्हील चढवावयाचे, इतका तो सुटसुटीत प्रकार आहे. या कंपनीची बीबीएस-02 ही मोटर 48 व्होल्टच्या बॅटरीवर 25 अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. म्हणजे 750 वॉटची म्हणून विकल्या जाणाऱ्या या यंत्राला बॅटरीकडून 1200 वॉटपर्यंत पुरवठा मंजूर असतो.

आता शक्ती वाढवावयाची म्हणजे नेमके काय वाढवावयाचे? मोटरचा फिरविण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो गुंडाळीतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या प्रमाणात असतो. तिचा वेग विद्युत्दाबाच्या प्रमाणात असतो. आणि शक्ती म्हणजे या दोहोंचा गुणाकार. तेव्हा मार्ग दोनच उरतात. पैकी दाब वाढविण्याचा मार्ग सौम्य आहे. बॅटरीत तेरा घटांच्या रांगेऐवजी चौदा घटांची रांग घातली म्हणजे पूर्ण भरलेल्या अवस्थेत 54.6 व्होल्टचे 58.8 व्होल्ट होतात आणि मोटरचा कमाल वेग सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो. हौशी मंडळींत ही ‘बावन्न व्होल्टची’ बॅटरी फार लोकप्रिय आहे. मात्र या वर्गातील नियंत्रकांत, म्हणजे कंट्रोलरमध्ये, जे कपॅसिटर बसविलेले असतात त्यांची मर्यादा सामान्यतः 63 व्होल्टची असल्याने या मार्गाने आणखी एकच पाऊल पुढे टाकले तरी ते कड्यावरून पडते.

प्रवाह वाढविण्याचा मार्ग अधिक मोहक आहे, कारण चढावर जाणवतो तो टॉर्कच. परंतु तांब्याच्या तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलने 1841 च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केलेला नियम येथे कोणाचीही भीडमुर्वत ठेवीत नाही. प्रवाह दीडपट केला की जोर दीडपट होतो आणि उष्णता सव्वादोनपट. शिवाय तांबे तापले म्हणजे त्याचा रोधही वाढतो, अंशामागे सुमारे 0.39 टक्के, म्हणजे मोटर शंभर अंशांनी तापली तर तोच प्रवाह वाहून नेताना तीत पूर्वीपेक्षा जवळजवळ चाळीस टक्के अधिक उष्णता उत्पन्न होते, आणि त्या उष्णतेने ती आणखी तापते. यातील सर्वांत फसवी बाब अशी की, बॅटरीतून निघणारा प्रवाह आणि गुंडाळीतून वाहणारा प्रवाह हे एकच नव्हेत. मोटर मंदगतीने फिरत असली की नियंत्रक बॅटरीचा चढा दाब उतरवून गुंडाळीला थोड्या दाबाने पण भरघोस प्रवाह देतो. त्यामुळे हँडलवरच्या पडद्यावर 25 अँपिअर दिसत असताना आत त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह खेळत असू शकतो, आणि स्वाराला त्याची वार्ताही नसते.

विजेच्या यंत्राचा जास्तीत जास्त कस लावणे आणि त्याच्याकडून किफायतीने काम घेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे मोठमोठ्यांच्याही ध्यानात यावयास बराच काळ लागला. सेंट पीटर्सबर्ग येथे 1838 साली नेव्हा नदीत विजेच्या मोटरवर होडी चालविणाऱ्या मोरिट्झ याकोबी याने दाखवून दिले की, ठरावीक दाबावर चालणारी मोटर तिच्या मोकळ्या वेगाच्या निम्म्या वेगाने फिरत असता सर्वाधिक शक्ती देते. पण त्याच स्थितीत पुरविलेल्या विजेपैकी निम्मी उष्णता होऊन वाया जाते. यावरून विजेची मोटर कधीच पन्नास टक्क्यांहून अधिक कार्यक्षम असणार नाही, असा निष्कर्ष काढून अनेक विद्वान स्वस्थ बसले, आणि 1880 च्या सुमारास एडिसनच्या गोटात या समजाचा निरास झाला. मोटरला तिच्या मोकळ्या वेगाच्या जवळपास, हलक्या ओझ्याने फिरू द्यावे. कमाल शक्तीचा हट्ट सोडला की कार्यक्षमता ऐंशी टक्क्यांच्या घरात जाते. चढावर उंच गिअर न सोडणारा सायकलस्वार आज याकोबीच्या त्याच खड्ड्यात मोटर घालीत असतो.

हे आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. सायकल, स्वार व सामान मिळून शंभर किलो वजन दहा टक्के चढावर ताशी 9 किलोमीटर वेगाने न्यावयाचे तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 245 वॉट खर्ची पडतात, आणि मागच्या चाकाशी जवळपास 33 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. पुढे 46 दात्यांचे चेनव्हील आणि मागे 23 दात्यांचे चक्र असेल, तर पायडलांच्या आसाला याच्या दुप्पट टॉर्क द्यावा लागतो व तो आस मिनिटाला कसाबसा पस्तीस वेळा फिरतो. पुढेमागे दोन्हीकडे सारखे, समजा 34 दाते ठेवले, तर तेच वजन त्याच चढावर त्याच वेगाने जाते, पण मोटरला अर्धाच जोर लावावा लागतो, फेरे सत्तर होतात आणि गुंडाळीतील उष्णता एक-चतुर्थांशावर येते. सगळा भार मोटरच वाहते अशा या उदाहरणात स्वाराचे पाय मी मुद्दामच हिशेबात धरलेले नाहीत. चाकात बसविलेल्या मोटरला ही सवलत कोणत्याही किमतीला मिळत नाही; पायडलांशी बसविलेल्या मोटरला ती साखळीच्या मार्फत जवळजवळ फुकट मिळते. तरीही मोटर लहान वाटते म्हणून तक्रार करणारे लोक पुढचे मोठे चेनव्हील बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करतात, याचे मला आश्चर्य वाटत आले आहे. वाचविलेली उष्णता ही मोटरला नव्याने मिळालेली शिल्लक होय. तीतूनच अधिक वेगाचा, म्हणजे खऱ्या अर्थाने अधिक शक्तीचा, खर्च भागतो.

पण हव्यासाला युक्त्यांची वाण कधी पडली आहे? नियंत्रकात प्रवाह मोजण्यासाठी शंट नावाचा एक अत्यल्प रोधाचा धातूचा तुकडा असतो, आणि त्याच्या दोन टोकांमधील दाबावरून नियंत्रक प्रवाहाचा अंदाज घेतो. त्या तुकड्यावर कथलाचा एक डाग दिला की त्याचा रोध घटतो, नियंत्रकाला प्रत्यक्षाहून कमी प्रवाह दिसतो आणि तो निःशंकपणे अधिक प्रवाह सोडतो. पारड्याखाली पासंग चिकटविणाऱ्या वाण्याची ही विद्या आहे. फरक इतकाच की येथे फसणारे गिऱ्हाईक म्हणजे स्वतःचेच यंत्र. त्यामानाने बाफांगच्या मोटरला संगणकाची तार जोडून प्रवाहाची मर्यादा, आरंभीचा जोर, चढत्या वेगाबरोबर प्रवाह किती राखावयाचा हे आकडे बदलणे अधिक सभ्यपणाचे. आरंभीचा जोर जरा कमी केल्यास मोटरचे आयुष्य वाढते, असाही त्याचा उलटा उपयोग आहे. त्यापुढचे लोक मूळ नियंत्रकच काढून टाकतात आणि स्वीडनच्या बेंजामिन व्हेडर याने सर्वांसाठी खुल्या केलेल्या व्हीईएससी रचनेवर आधारलेला नियंत्रक बसवितात, ज्यात गुंडाळीचा प्रवाह आणि बॅटरीचा प्रवाह यांना स्वतंत्र मर्यादा घालता येतात आणि तापमान वाढू लागताच प्रवाह आपोआप उतरविता येतो. टोंगशेंग कंपनीच्या टीएसडीझेड-2 या मोटरसाठीही हौशी प्रोग्रॅमरांनी अशीच खुली आज्ञावली तयार केली आहे, आणि तिच्या वापरकर्त्यांनी आत तापमापक बसविणे व मोटर आणि बाहेरचे कवच यांमधील पोकळीत उष्णतावाहक गाद्या भरणे या दोन सुधारणा रूढ केल्या. या दुसऱ्या सुधारणेला मी सर्वांत अधिक गुण देईन. आतल्या हवेचा थर उष्णतेला बाहेर पडू देत नाही. तो थर हटविला की तीच मोटर, तेच तांबे, अधिक काळ अधिक भार वाहते, आणि कोणालाही फसवावे लागत नाही.

उष्णतेपुढे प्रथम कोण हार खाईल हे मोटरीगणिक बदलते. बीबीएस-02 च्या आरंभीच्या नियंत्रकांत मॉस्फेट, म्हणजे प्रवाहाची उघडझाप करणारे अर्धवाहक, जळण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की पुढे अधिक दणकट मॉस्फेट वापरात आले. टीएसडीझेड-2 मधील निळे नायलॉनचे दंतचक्र ताप आणि जोर एकत्र आले की दाते टाकते. त्याच्याऐवजी धातूचे चक्र बसविता येते, पण मग मोटर कुरकुर करीत चालते आणि झटका पुढच्या भागाकडे जातो. तारांवरील आवरणाचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीने निम्मे होते, असा विद्युत्-अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. निओडिमियमच्या चुंबकांची साधी प्रत ऐंशी अंशांपर्यंतच भरवशाची असते, उंची प्रत दीडशेपर्यंत टिकते. त्यापलीकडे गेलेले चुंबकत्व थंड झाल्यावर परत येईलच असे नाही. याच कारणास्तव वेग वाढविण्यासाठी चुंबकाच्या क्षेत्राला प्रवाहाने विरोध करून ते क्षीण करण्याची जी युक्ती नव्या नियंत्रकांत मिळते, ती तापलेल्या मोटरवर चालवू नये. साखळीबद्दलची भीती मात्र थोडी अतिशयोक्त आहे, कारण शर्यतीचा सायकलपटू काही सेकंद हजार वॉटहून अधिक शक्ती तिच्यावर टाकतोच; साखळी तुटते ती बहुधा भर जोरात गिअर बदलल्याने. गिअरची तार हलताच क्षणभर मोटर बंद करणारा संवेदक म्हणून बसवितात.

बॅटरीचे प्रकरण गंभीर आहे. तिचा अंतर्गत रोध दशांश ओहम धरला तर 30 अँपिअर प्रवाहाला 3 व्होल्ट तिच्या पोटातच खर्च होतात आणि 90 वॉट उष्णता घटांमध्ये साठते. मोटर जळली तर पैसे जातात, लिथियमचा घट पेटला तर घर जाते. बॅटरीच्या संरक्षक मंडलाने घातलेली प्रवाहाची मर्यादा उठविण्याचा सल्ला देणाऱ्याचे म्हणून ऐकू नये.

इतके करून मिळते काय? चढावर पुष्कळ, सपाटीवर फारच थोडे. वाऱ्याचा रोध तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताठ बसलेल्या स्वाराला ताशी 25 किलोमीटरला त्यासाठी सुमारे 120 वॉट पुरतात, तर 50 किलोमीटरला जवळपास 960 लागतात. बाजारात मिळणाऱ्या ज्या छोट्या डब्या चाकाच्या वेगमापकाला चकवितात त्या तर शक्ती तिळमात्र वाढवीत नाहीत. ताशी 25 किलोमीटरला मोटर थांबविण्याचा हुकूम तेवढा त्या मोटरपर्यंत पोहोचू देत नाहीत. फ्रान्समध्ये 2019 च्या कायद्यान्वये अशा फेरफाराला एक वर्षापर्यंत कैद आणि 30,000 युरोपर्यंत दंड सांगितला आहे. युरोपात अखंड शक्तीची मर्यादा 250 वॉट आहे. अमेरिकेच्या 2002 च्या संघीय कायद्याने ती एका अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे 750 वॉटवर, ठेवली.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सायकलीच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटहून कमी असावी, आणि तिची साथ वेगाबरोबर उतरत जाऊन ताशी 25 किलोमीटरला किंवा पायडल थांबताच बंद व्हावी, अशी तजवीज केली आहे. तीस मिनिटे हे माप कारकुनी लहरीतून आलेले नाही. ते लहानशा मोटरला बऱ्याच अंशी तापण्यास पुरेसे असते, त्यामुळे नकळत का होईना, कायदाही येथे तांब्याचे तापमानच मोजतो. क्षणिक जोरावर त्याचा आक्षेप नाही. परंतु 750 वॉटची मोटर बसविलेली सायकल या व्याख्येतून बाहेर पडून मोटार वाहन ठरते, आणि मग ती रस्त्यावर आणावयाची तर प्रकार-मान्यता, नोंदणी, परवाना, विमा आणि शिरस्त्राण या सर्वांची पूर्तता करावी लागते. घरी जोडलेल्या सायकलीची गाडी पहिल्याच अटीपाशी अडते.